कुणी चांगली बातमी सांगितली की आपण काय म्हणतो?

दोन तक्रारी मला सारख्या ऐकू येतात. एक म्हणजे, मला लोकांशी बोलताच येत नाही, चार माणसांत गेलं की काय बोलावं सुचत नाही. आणि दुसरी, हल्ली मनाला बरं वाटेल असं काही घडतच नाही, दिवस उगवतो नि मावळतो, बास. लोक या दोन्ही गोष्टी वेगळ्या धरतात, पहिलीसाठी कम्युनिकेशन स्किल्सचे व्हिडिओ बघतात आणि दुसरीसाठी पॉझिटिव्ह थिंकिंगचे. मला मात्र या विषयावर जमेल तेवढं वाचून आणि रोजच्या जगण्यात करून बघून आता ठाम वाटायला लागलंय की दोन्हीचं मूळ बऱ्याचदा एकच असतं. आपलं सगळं लक्ष स्वतःवर अडकून बसलेलं असतं, मी कशी दिसतेय, मी काय बोलले, माझं काय चुकलं, माझं काय राहिलं, आणि त्या गडबडीत समोरचं माणूसही नीट दिसत नाही आणि दिवसभरात घडलेली बरी गोष्टही नीट दिसत नाही.

आधी बोलण्याच्या भीतीबद्दल लिहिते, कारण तिथेच बहुतेक जण अडतात.

कुणाशी पाच मिनिटं बोलून घरी आलो की डोक्यात ते सगळं परत चालू होतं ना, अरे मी हे असं का बोलले, त्याला बोअर झालं असेल, तिला मी आगाऊ वाटले असेन. यावर एक फार छान संशोधन झालंय. २०१८ मध्ये एरिका बूथबी, गस कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना जोडीजोडीने गप्पा मारायला लावल्या आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, की तुला समोरचा किती आवडला आणि त्याला तू किती आवडला असशील असं वाटतं. बहुतेकांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमी दिलं. म्हणजे लोकांना आपण जेवढे आवडतो त्यापेक्षा कमी आवडतो असं आपण धरून चालतो, आणि समोरचाही घरी जाऊन अगदी हेच करत असतो. याला त्यांनी लाइकिंग गॅप असं नाव दिलंय. एकत्र राहणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींमध्येही हा फरक त्यांना कित्येक महिने टिकलेला दिसला, म्हणजे ओळख झाली की लगेच जातो असंही नाही.

हे असं का होतं याचा विचार केला तर त्यात नवल काहीच नाही. आपल्या डोक्यात आपलीच एक कॉमेंट्री चाललेली असते आणि ती बहुतेक वेळा टीकेचीच असते. समोरच्याला ती ऐकू येत नाही, त्याला फक्त आपला चेहरा आणि आपले शब्द मिळतात, आणि त्याचंही अर्धं लक्ष त्याच्या स्वतःच्या कॉमेंट्रीकडे असतं. कॉर्नेल विद्यापीठातले टॉम गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांचा २००० सालचा टी-शर्टचा प्रयोग याच जातीचा आहे. एका विद्यार्थ्याला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून माणसं बसलेल्या खोलीत पाठवायचं आणि मग विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटायचं साधारण निम्म्या लोकांनी तरी पाहिलंच असणार. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच आसपास लक्षात आलेलं असायचं. मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं आणि अजूनही कुठे नवीन ठिकाणी जायचं असेल तर मी हे मुद्दाम आठवते.

आणखी एक गोष्ट, शांततेची. बोलता बोलता मध्येच दोघं गप्प झाले की पोटात गोळा येतो बऱ्याच जणांना. त्याचं कारण असं की माणसं एकमेकांच्या बोलण्याला फार म्हणजे फारच पटकन उत्तर देतात. २००९ मध्ये वेगवेगळ्या १० भाषांमधल्या गप्पांचा अभ्यास झाला होता त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्या वेगाची सवय असल्यावर एक-दोन सेकंदांची शांतताही भली मोठी वाटणारच! पण ती शांतता म्हणजे गप्पा फसल्या असं अजिबात नसतं, समोरचा विचार करत असतो, आठवत असतो, आणि तेवढा वेळ त्याला दिला तर बऱ्याचदा तो पहिल्या उत्तरापेक्षा जास्त खरं काहीतरी बोलतो. त्यामुळे शांतता लगेच भरून काढायची घाई करू नका, हा माझा अगदी मनापासूनचा आग्रह आहे.

आता सुरुवात कुठून करायची? माझं मत असं आहे की ज्यांच्याकडून आपल्याला काहीच नको आहे अशा माणसांपासून करावी. रोज लिफ्टमध्ये भेटणारी व्यक्ती, बसमध्ये त्याच वेळी चढणारे काका, ऑफिसच्या दुसऱ्या टीममधली जिला फक्त तोंडओळख म्हणून हसतो ती, कुत्र्याला फिरवायला आणणारा मुलगा. समाजशास्त्रात याला वीक टाइज म्हणतात, मार्क ग्रॅनोवेटर यांचा १९७३ चा गाजलेला लेख याच विषयावर आहे आणि त्यात मुख्य मुद्दा असा होता की नवीन माहिती, नोकरीची संधी वगैरे आपल्याला जवळच्या माणसांपेक्षा या लांबच्या ओळखींतून जास्त मिळते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. पण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१४ मध्ये, जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी याच ओळखींचा मनावर काय परिणाम होतो ते तपासलं आणि त्यांना दिसलं की ज्या दिवशी लोकांचं अशा तोंडओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त वेळा बोलणं झालं त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटलं, आपण कुठल्यातरी घोळक्यातले आहोत असं जास्त वाटलं. जवळच्या मित्राशी तासभर फोन होणं वेगळं, त्याची जागा कशानेच भरत नाही, पण या दोन-दोन वाक्यांनाही स्वतःची किंमत आहे.

आणि हे करायच्या आधी जे वाटतं ना, की कशाला त्या माणसाला त्रास द्यायचा, त्याला बोलायचं नसेल, त्याबद्दलही एक ऐका. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोत ट्रेन आणि बसने जाणाऱ्या लोकांना गटागटांत वाटून काहींना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा, काहींना नेहमी करता तेच करा. ज्यांना नुसता अंदाज विचारला ते म्हणाले गप्प बसून गेलो तर प्रवास जास्त चांगला होईल. आणि जे खरंच बोलले त्यांचा प्रवास सगळ्यात चांगला झाला. म्हणजे आपला अंदाजच उलटा असतो! आता याचा अर्थ हेडफोन लावून डोळे मिटलेल्या माणसाला हलवून उठवायचं असा नाही, आणि रात्री उशिरा एकटीने प्रवास करणारी बाई कुणाशी बोलायचं नाही असं ठरवत असेल तर तिचं बरोबरच आहे. जिथे सुरक्षित वाटतं, जिथे समोरचाही मान वर करून बघतोय, तिथे एक वाक्य, एवढंच.

ते एक वाक्य कुठलं याची लोकांना फार चिंता असते, लोक चक्क ओळी पाठ करून जातात. मला ते अजिबात पटत नाही. पाठ केलेली ओळ म्हटली की पुन्हा लक्ष स्वतःवर जातं, नीट म्हटली का, इफेक्ट आला का. त्यापेक्षा दोघांनाही जे दिसतंय त्याच्यावर बोलावं, पाऊस, उशीर झालेली बस, त्यांच्या हातातलं रोप. पहिलं वाक्य साधंच असतं सगळ्यांचं. खरं कौशल्य लागतं ते दुसऱ्या वाक्याला.

दुसरं वाक्य म्हणजे समोरच्याने आत्ता जे सांगितलं त्याच्याच पोटातला प्रश्न. समजा कुणी म्हणालं, आम्ही नुकतंच घर बदललं. यावर आपल्या तोंडून पटकन काय निघतं, हो का, आम्ही पण मागच्या वर्षी बदललं, काय सांगू किती वैताग झाला, आणि मग आपली पूर्ण कथा. वाईट हेतू काहीच नसतो, आपल्याला वाटतं आपण सूर जुळवतोय, पण समोरच्याचा विषय तिथेच संपतो. त्याऐवजी नुसतं विचारलं, मग रुळलात का नवीन घरात? मुलांना आवडलं का? जुन्या घरातलं काय आठवतं सगळ्यात जास्त? तर तो माणूस उलगडायला लागतो. २०१७ मध्ये कॅरन हुआंग, अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गप्पांचा अभ्यास केला त्यात हेच निघालं, जी माणसं जास्त प्रश्न विचारतात आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात ती समोरच्याला जास्त आवडतात. स्पीड डेटिंगमध्येसुद्धा, म्हणजे काही-काही मिनिटांच्या भेटींतून जोडीदार शोधायच्या कार्यक्रमात, असे प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळाले. कारण असा प्रश्न ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही. तो पाठ करून येत नाही म्हणूनच त्याला वजन आहे. अर्थात नुसते प्रश्नच प्रश्न विचारत सुटलं तर ती चौकशी होते, मध्ये मध्ये आपलंही काही द्यावं लागतं, थोडं खरं, थोडं आतलं.

आता मी वर टायटलमध्ये जे विचारलंय त्याकडे येते, कारण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं आणि त्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. दुःखात कसं वागावं याचं थोडंफार शिक्षण आपल्याला मिळतं, कुणी गेलं, कुणी आजारी पडलं तर जावं, बसावं, हात धरावा. पण कुणी आनंदाने धावत येऊन काही सांगितलं तर काय करावं हे कुणी शिकवत नाही, आपण धरून चालतो की त्यात काय शिकवायचं.

शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर काम केलं. त्यांनी चांगल्या बातमीला मिळणाऱ्या प्रतिसादाचे चार प्रकार केले आणि मी ते वाचल्यापासून मला ते चारही रोज आजूबाजूला दिसतात. धरा, मुलीने घरी येऊन सांगितलं, मला प्रोजेक्टची लीड केलं! एक घर म्हणेल, अरे वा, छान, आणि परत मोबाईलमध्ये. दुसरं घर म्हणेल, म्हणजे आता अजून उशिरा येणार तू, झेपणार आहे का एवढं? तिसरं घर म्हणेल, बरं ऐक, ते लाइट बिल भरलंस का. आणि चौथं घर हातातलं काम ठेवून म्हणेल, काय सांगतेस! कसं कळलं तुला, कोण काय म्हणालं, तुला काय वाटलं ऐकल्यावर, बस इथे, सगळं नीट सांग. गेबल यांच्या अभ्यासात ज्या जोडप्यांमध्ये हा चौथा प्रकार जास्त होता त्यांचं नातं जास्त समाधानाचं होतं. आणि २००६ च्या त्यांच्याच पुढच्या अभ्यासात तर असं दिसलं की नातं किती चांगलं चाललंय हे जोडीदार वाईट बातमीला कसा प्रतिसाद देतो यापेक्षा चांगल्या बातमीला कसा देतो यावरून जास्त कळतं.

दुसऱ्या घराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ते काळजीतून बोलतं. झेपेल का, फसवणार तर नाहीत ना, आधी सगळी चौकशी केलीस ना, हे प्रश्न प्रेमातूनच येतात, मला त्यात शंका नाही. पण ते पहिल्या पाच मिनिटांत आले की सांगणाऱ्याचा आनंद तिथल्या तिथे आकसतो आणि पुढच्या वेळी तो माणूस सांगायलाच येत नाही, किंवा दुसऱ्या कुणाकडे जातो. काळजी उद्या सकाळी बोलता येते. आनंद मात्र आत्ताच ताजा असतो. माझ्या ओळखीतल्या एक मावशी यात अगदी पक्क्या आहेत, त्यांना तुम्ही काहीही सांगा, हरवलेली छत्री सापडली एवढंसुद्धा, त्या म्हणणार, कुठे सापडली गं? आणि त्या खरंच ऐकतात. त्यांच्याकडे सगळी पिढी, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, काहीतरी सांगायला जात असते आणि त्यांना गप्पिष्ट असं कुणीच म्हणणार नाही, बोलतात त्या फारच कमी. सोशल स्किल्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर स्टेजवर माइक धरलेला माणूस येतो, माझ्या डोळ्यासमोर या मावशी येतात.

आणि इथेच तो पॉझिटिव्हिटीचा भाग येऊन मिळतो. गेबल यांच्या कामात अजून एक गोष्ट होती, चांगली घटना कुणाला तरी सांगितली की तिचा आनंद घटनेपेक्षाही वाढतो. म्हणजे आनंदाचा अर्धा भाग घडण्यात आणि अर्धा सांगण्यात असतो असं म्हणायला हरकत नाही. मग ज्याच्याकडे सांगायला माणूस नाही, किंवा आहे पण तो मान वर करत नाही, त्याला आयुष्यात काही चांगलं घडतच नाही असं वाटलं तर त्यात त्याचा काय दोष?

आपल्या मेंदूचाही यात हात आहे. वाईट गोष्ट चांगल्या गोष्टीपेक्षा जास्त जोरात लागते आणि जास्त दिवस राहते, रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ढीगभर संशोधन एकत्र मांडून हे दाखवलं होतं. दहा जणांनी कौतुक केलं आणि एकाने नाक मुरडलं तर रात्री झोपताना कोण आठवतं सांगा. धोका न दिसण्याची किंमत जास्त असते म्हणून मन तसं घडलंय, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. वाईट आपोआप नोंदवलं जातं, चांगलं हाताने नोंदवावं लागतं, झाडावरचं फळ आणि जमिनीवरचा काटा यांच्यासारखं, काटा पायाला स्वतःच कळवतो, फळासाठी मान वर करावी लागते.

हाताने नोंदवायचं म्हणजे काय, तर मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेला व्यायाम बऱ्याच जणांनी ऐकला असेल, आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या. पण लोक त्यातला अर्धा भाग विसरतात, प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचं असतं. त्या अभ्यासात हे करणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही जास्त बरं वाटत होतं, आणि ज्यांनी आठवडा संपल्यावरही स्वतःहून चालू ठेवलं त्यांना फायदा जास्त झाला. मला यात ते का घडलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण ते लिहायला बसलं की जवळपास प्रत्येक वेळी कुणीतरी माणूस निघतो! बस मिळाली, का, तर ड्रायव्हरने मला पळताना बघून थांबवली. काम लवकर संपलं, का, तर शेजारच्या टेबलवरच्याने ती फाइल आधीच लावून ठेवली होती. संध्याकाळ बरी गेली, का, तर भावाने विनाकारण फोन केला. माझी वही मी कधी चाळली तर ती आनंदाची वही कमी आणि माणसांची यादी जास्त वाटते. आणि मग दुसऱ्या दिवशी त्या माणसाला जाऊन सांगायला विषय आपोआप तयार असतो, काल तुम्ही ती फाइल लावून ठेवली होती त्यामुळे मी वेळेत घरी गेले, थँक्यू. मला बोलायला विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते, रात्रीची वही हीच तुमची सकाळच्या बोलण्याची तयारी आहे.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट लिहायची आहे. पॉझिटिव्ह राहा हे वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर टाकू नका. ज्याचं माणूस गेलंय, नोकरी गेलीय, रिपोर्ट वाईट आलाय, त्याला बाजूला बसणारा हवा असतो, उजेडाची बाजू दाखवणारा नको असतो. तसंच, लोकांसमोर जायच्या विचाराने कित्येक महिने झोप उडत असेल, कॉलेज किंवा काम बुडत असेल, किंवा कशातच काही वाटेनासं झालं असेल तर तो वहीचा विषय नाही. सोशल अँग्झायटी आणि डिप्रेशन दोन्हींवर चांगले उपचार आहेत, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीने, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी हळूहळू बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने, खूप लोकांना फरक पडतो, औषधंही असतात, तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा आणि हे दुसऱ्या कुणासाठी वाचत असाल तर त्यांच्यासोबत जा. आणि नुसता शांत स्वभाव हा आजार नाही, कमी बोलणाऱ्यांना बदलायला निघालेल्या नातेवाईकांनी हे कृपया लक्षात घ्यावं.

राहिला मैत्रीचा विषय. मोठेपणी मित्र होत नाहीत असं म्हणतात, पण तिथे स्वभावापेक्षा तासांचा प्रश्न जास्त असतो. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त. शाळेत हे तास फुकट मिळायचे, आता ते कुठून काढणार? त्यामुळे एकदाच धडाक्यात भेटण्यापेक्षा ठरावीक वारी ठरावीक वेळी होणारं काहीतरी धरावं, गाण्याचा क्लास, टेकडी चढणारा ग्रुप, लायब्ररी, बॅडमिंटन, काहीही चालेल, तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसले पाहिजेत. पहिल्या काही वेळा कुणी खास बोललं नाही म्हणून सोडून देऊ नका, तास भरायला वेळ लागतो.

आणि जुने मित्र, ज्यांचे कित्येक तास आधीच भरलेत, त्यांना आपण का सोडून देतो? एवढ्या वर्षांनी मेसेज केला तर विचित्र वाटेल, काहीतरी काम असेल म्हणून केला असं वाटेल, असंच ना? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली होती, लिहिणाऱ्यांना वाटलं होतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, पत्र मिळालेल्यांना तसं फारसं झालं नाही, उलट त्यांना लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा खूप जास्त छान वाटलं. तर लांबलचक खुलासा, इतके दिवस का जमलं नाही त्याची कारणं, हे काही लागत नाही. एक खरी आठवण पुरते. आज अमुक बघितलं आणि तुझी आठवण आली, तू तेव्हा माझ्यासाठी रात्रभर जागून नोट्स काढल्या होत्यास ते मी विसरले नाहीये, कसा आहेस? बस, एवढाच मेसेज. खाली, घाईत असशील तर उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिलंत तर अजून बरं, त्याच्यावर ओझं राहत नाही. आणि त्याचं उत्तर आलं आणि त्यात त्याने काही चांगली बातमी सांगितली, तर अंगठा पाठवून मोकळे होऊ नका, फोन लावा आणि विचारा, कसं काय झालं हे, नीट सांग.